बिंदुप्रभारांचा डायपोल मोमेंट कसा काढायचा

कागदावर मांडलेले चार बिंदुप्रभार असोत किंवा संगणकातला पाण्याचा रेणू असो, डायपोल मोमेंट (द्विध्रुव परिबल, म्हणजे धन आणि ऋण प्रभार एकमेकांपासून किती आणि कुठल्या दिशेने दूर आहेत याचं माप) काढायला गुणाकार आणि बेरीज एवढंच गणित लागतं. तरीही उत्तरं चुकतात. चुकीचं मूळ बहुधा पहिल्या गुणाकाराच्याही आधी असतं: सगळ्या प्रभारांची बेरीज किती येते, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

म्हणून सुरुवात तिथून करा. सगळे प्रभार चिन्हांसकट मिळवा. बेरीज शून्य आली तर आरंभबिंदू कुठेही धरा, मोमेंट तोच येईल. शून्य आली नाही तर आरंभबिंदू हलवला की मोमेंटही बदलतो. अशा वेळी आरंभबिंदू कुठे आहे हे सांगितल्याशिवाय उत्तराला अर्थ नाही. हे दहा सेकंदांचं काम आहे, आणि पुढच्या सगळ्या पडताळण्या त्यावरच उभ्या आहेत.

सूत्र आणि दिशा

पी = क्यू१ × आर१ + क्यू२ × आर२ + क्यू३ × आर३ + …

इथे क्यू हा प्रभार (अदिश, पण चिन्ह असलेला) आणि आर हा आरंभबिंदूपासून त्या प्रभारापर्यंतचा सदिश. पी, म्हणजे मोमेंट, सुद्धा सदिशच. त्यामुळे प्रत्यक्षात तीन वेगळ्या बेरजा करायच्या: क्ष-घटकाची, य-घटकाची आणि झ-घटकाची. सगळे प्रभार एकाच प्रतलात असतील तर दोन पुरतात.

फक्त +क्यू आणि −क्यू अशी जोडी असेल तर हेच सूत्र आटोपून 'प्रभार गुणिले अंतर' एवढं उरतं, आणि दिशा ऋण प्रभाराकडून धन प्रभाराकडे. यातला प्रभार एका बाजूचा घ्यायचा, दोन्हींचा मिळून नाही. अंतर मात्र पूर्ण घ्यायचं. अभ्यासाची काही पुस्तकं दोन प्रभारांमधलं अंतर '२ए' किंवा '२एल' असं लिहितात. तिथून सूत्र पाठ करून आलेला विद्यार्थी गणितात थेट अंतर दिलेलं दिसलं की त्याला पुन्हा दोनाने गुणतो, किंवा उलट, मध्यबिंदूपासूनचं अंतर दिलेलं असताना दुप्पट करायला विसरतो. सूत्र पाठ न करता आकृती काढली तर हा घोळ होत नाही.

दिशेबद्दल आणखी एक सावधगिरी. भौतिकशास्त्रात बाण ऋणाकडून धनाकडे जातो. रसायनशास्त्राच्या पुस्तकांत शेपटीवर आडवी रेघ असलेला बाण दिसतो, तो धन टोकाकडून ऋण टोकाकडे दाखवलेला असतो. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण एका विषयाची आकृती घेऊन दुसऱ्या विषयाचं गणित केलं की सगळी चिन्हं उलटी येतात. वरच्या सूत्रातून जे चिन्ह येईल ते भौतिकशास्त्रातलं.

चार प्रभारांचं उदाहरण

एका प्रतलात चार प्रभार असे ठेवले आहेत. प्रभार नॅनोकूलोममध्ये, अंतरं सेंटिमीटरमध्ये.

| प्रभार | मूल्य | क्ष | य | मूल्य × क्ष | मूल्य × य |
|---|---|---|---|---|---|
| अ | +४ | ० | ३ | ० | +१२ |
| ब | −६ | २ | −१ | −१२ | +६ |
| क | +५ | −४ | १ | −२० | +५ |
| ड | −३ | ० | ० | ० | ० |
| बेरीज | ० | | | −३२ | +२३ |

मूल्यांच्या रकान्याची बेरीज शून्य, म्हणजे पुढे जायला हरकत नाही. निर्देशकांच्या रकान्यांची बेरीज मात्र करू नका, तिचा इथे काही उपयोग नाही. ब च्या ओळीत उणे सहा गुणिले उणे एक, म्हणून अधिक सहा. अशा ओळीतच चिन्ह निसटतं. तोंडी हिशेब करणाऱ्यांचं तर हमखास निसटतं, म्हणून सहा रकान्यांचा तक्ता आळस न करता मांडावा.

मोमेंटचे घटक −३२ आणि +२३ नॅनोकूलोम-सेंटिमीटर. परिमाण म्हणजे ३२ आणि २३ यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, √१५५३, सुमारे ३९.४१. आता एककं बदला: नॅनो म्हणजे १०^−९, सेंटी म्हणजे १०^−२, दोन्ही मिळून १०^−११. उत्तर ३.९४ × १०^−१० कूलोम-मीटर. एककांचं रूपांतर असं शेवटी एकदाच करावं. तक्त्यात प्रत्येक ओळीत १०चे घात लिहीत बसलं की एखाद्या ओळीत घात चुकतो, आणि ती चूक नजरेला दिसतही नाही.

आता कोन. २३ भागिले −३२ चा व्यस्त टॅन कॅल्क्युलेटरवर काढला तर −३५.७ अंश येतो. हा कोन चौथ्या चरणातला आहे. आपला सदिश मात्र दुसऱ्या चरणात आहे, कारण क्ष-घटक ऋण आणि य-घटक धन. कॅल्क्युलेटरला फक्त भागाकार दिसतो, वजाबाकीचं चिन्ह वरच्या संख्येचं होतं की खालच्या, हे त्याला कळत नाही. क्ष-घटक ऋण असेल तर आलेल्या कोनात १८० मिळवा: १४४.३ अंश, धन क्ष-अक्षापासून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजलेला.

तीन मितींत एकच कोन पुरत नाही. तिथे प्रत्येक घटकाला परिमाणाने भागा. येतात त्या तीन दिक्कोज्या, आणि त्यांच्या वर्गांची बेरीज १ यायला हवी. नाही आली तर परिमाण चुकलंय.

पडताळा: आरंभबिंदू हलवा

बेरीज शून्य असल्याचा खरा फायदा इथे मिळतो. आरंभबिंदू ब वर नेऊ. म्हणजे प्रत्येक क्ष-निर्देशकातून २ वजा करा आणि य-निर्देशकातून −१ वजा करा (म्हणजेच १ मिळवा). नवे निर्देशक असे: अ (−२, ४), ब (०, ०), क (−६, २), ड (−२, १).

क्ष-घटक: ४ × (−२) + ५ × (−६) + (−३) × (−२) = −८ − ३० + ६ = −३२.
य-घटक: ४ × ४ + ५ × २ + (−३) × १ = १६ + १० − ३ = २३.

तेच उत्तर. वेगळं आलं असतं तर कुठल्या तरी एका मांडणीत गुणाकार चुकला असता. उत्तरं पाठीमागे छापलेली नसलेल्या गणितासाठी याहून स्वस्त पडताळा नाही. आरंभबिंदू निवडायची मोकळीक असेल तर तो सगळ्यात मोठ्या किंवा अडनिड्या निर्देशकांच्या प्रभारावर ठेवा, तेवढी एक ओळ कायमची गळते.

आता समजा ड चा प्रभार −३ ऐवजी −२ आहे. एकूण प्रभार +१ नॅनोकूलोम. ड मुळात आरंभबिंदूवरच आहे, त्यामुळे पहिल्या मांडणीत उत्तर अजूनही (−३२, २३) येतं, जणू काही बदललंच नाही. ब वरून मोजलं तर मात्र (−३४, २४) येतं. दोन्ही हिशेब बिनचूक आहेत. फरकाचा नियम साधा आहे: आरंभबिंदू जितका हलवला तो सदिश गुणिले एकूण प्रभार, एवढं जुन्या मोमेंटमधून वजा होतं. इथे सरकवणी (२, −१) आणि एकूण प्रभार १, म्हणून −३२ − २ = −३४ आणि २३ + १ = २४.

अशा प्रभारित मांडणीत एक बिंदू असा नक्की सापडतो जिथून मोजलं की मोमेंट शून्य येतो. त्याला प्रभारकेंद्र म्हणता येईल, आणि तो काढायला मोमेंटला एकूण प्रभाराने भागायचं. इथे तो (−३२, २३) सेंटिमीटरवर आहे, सगळ्या प्रभारांपासून बराच लांब. आयनांच्या बाबतीत मोमेंट सांगताना सहसा वस्तुमानकेंद्र हा आरंभबिंदू धरतात. दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी तुलना करायची असेल तर त्याने काय धरलं होतं ते आधी बघा.

तक्ता टाळणाऱ्या युक्त्या

एकूण प्रभार शून्य असेल तेव्हाच या चालतात.

पहिली, जोड्या पाडणं. समभुज त्रिकोणाच्या दोन शिरोबिंदूंवर +क्यू आणि तिसऱ्यावर −२क्यू, बाजू ए. हा प्रश्न सीईटी आणि जेईईच्या तयारीत सतत भेटतो. −२क्यू चे दोन −क्यू करा आणि प्रत्येकाची एका +क्यू शी जोडी लावा. दोन जोड्या, प्रत्येकीचा मोमेंट क्यू × ए, दोघींमधला कोन ६० अंश. बेरीज २ × क्यू × ए × कॉस ३०, म्हणजे √३ क्यू ए. दिशा −२क्यू पासून समोरच्या बाजूच्या मध्याकडे. इथे घाईत कोन १२० धरणारे पुष्कळ असतात. दोन्ही बाण एकाच बिंदूतून, −२क्यू मधून निघतात, त्यामुळे त्यांच्यातला कोन त्रिकोणाचा आतला कोन. १२० धरला तर उत्तर नुसतं क्यू ए येतं, आणि दुर्दैवाने तोही पर्याय यादीत असतो.

दुसरी, केंद्रांची युक्ती. धन प्रभारांचं भारित केंद्र (प्रत्येक जागेला तिथल्या प्रभाराच्या प्रमाणात महत्त्व देऊन काढलेली सरासरी जागा) काढा, ऋण प्रभारांचं वेगळं काढा, आणि धन बाजूच्या एकूण प्रभाराने दोन केंद्रांमधल्या सदिशाला गुणा. आपल्या चार प्रभारांत धन बाजूला ९, केंद्र (−२०/९, १७/९). ऋण बाजूला ९, केंद्र (१२/९, −६/९). ऋणाकडून धनाकडे जाणारा सदिश (−३२/९, २३/९), ९ ने गुणला की तोच मोमेंट. प्रभार थोडे असतील तर ही पद्धत तक्त्यापेक्षा वेगवान नाही, पण मोमेंट कुठून येतो ते हिच्यात सगळ्यात स्पष्ट दिसतं.

सममिती असेल तर काहीच काढायला नको. आहे त्या मांडणीच्या प्रत्येक बिंदूच्या थेट समोर, केंद्राच्या पलीकडे, तितकाच आणि त्याच चिन्हाचा प्रभार असेल आणि बेरीज शून्य असेल, तर मोमेंट शून्य. एका ओळीत +क्यू, −२क्यू, +क्यू हे त्याचं नेहमीचं उदाहरण, आणि कार्बन डायऑक्साइडचा रेणू त्याच जातीचा. मोमेंट शून्य म्हणजे बाहेर क्षेत्रही शून्य, असं मात्र नाही. तिथे चतुर्ध्रुवाचा (क्वाड्रुपोल, डायपोलच्या पुढची पायरी) भाग उरतो, तो अंतराबरोबर अधिक झपाट्याने कमी होतो इतकंच.

रेणूंसाठी डिबाय

रेणूंच्या पातळीवर कूलोम-मीटर फार अवजड पडतं, म्हणून डिबाय वापरतात. पीटर डिबाय यांना १९३६ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांच्या नावाचं हे एकक. लक्षात ठेवायचे आकडे दोनच:

१ डिबाय = ३.३३५६ × १०^−३० कूलोम-मीटर
१ इलेक्ट्रॉनप्रभार × १ अँगस्ट्रॉम (१०^−१० मीटर) = ४.८०३ डिबाय

दुसरा आकडा जास्त कामाचा. प्रभार इलेक्ट्रॉनप्रभारात आणि अंतर अँगस्ट्रॉममध्ये ठेवून तक्ता भरा, शेवटी ४.८०३ ने गुणा. क्वांटम रसायनाची काही सॉफ्टवेअर उत्तर आण्विक एककात (अ‍ॅटॉमिक युनिट) देतात. तिथे गुणक २.५४२. हे दोन गुणक एकमेकांत मिसळले की उत्तर जवळजवळ दुप्पट किंवा निम्मं येतं, आणि नेमक्या त्या प्रमाणावरूनच चूक ओळखता येते.

पाण्याचा रेणू घेऊ. टिप३पी हे १९८३ सालचं, आजही भरपूर वापरलं जाणारं बिंदुप्रभारांचं प्रारूप. ऑक्सिजनवर −०.८३४, प्रत्येक हायड्रोजनवर +०.४१७. ऑक्सिजन-हायड्रोजन अंतर ०.९५७२ अँगस्ट्रॉम, कोन १०४.५२ अंश. बेरीज शून्य. आरंभबिंदू ऑक्सिजनवर ठेवा, सगळ्यात मोठा प्रभार गळाला. क्ष-अक्ष कोनाच्या दुभाजकावर ठेवा, म्हणजे दोन हायड्रोजनचे आडवे घटक एकमेकांना मारतात. दुभाजकावरचा घटक ०.९५७२ × कॉस ५२.२६ = ०.५८६ अँगस्ट्रॉम. मोमेंट = २ × ०.४१७ × ०.५८६ = ०.४८९, गुणिले ४.८०३, म्हणजे २.३५ डिबाय, ऑक्सिजनकडून हायड्रोजनांच्या बाजूला.

वाफेतल्या एकट्या रेणूचा मोजलेला मोमेंट १.८५ डिबाय आहे. हिशेब चुकला नाही. द्रवात शेजारच्या रेणूंमुळे प्रत्येक रेणू अधिक ध्रुवित होतो, आणि ते भरून काढायला प्रारूपातले प्रभार मुद्दाम वाढवलेले असतात. उलटा हिशेब करून बघा: १.८५ भागिले ४.८०३, भागिले १.१७२ (म्हणजे २ × ०.५८६). हायड्रोजनवर सुमारे ०.३३ प्रभार येतो.

त्याच काळातलं टिप४पी इथे चांगलंच फसवतं. त्यात ऋण प्रभार −१.०४ असतो, पण तो ऑक्सिजनवर नसतो. दुभाजकावर, ऑक्सिजनपासून ०.१५ अँगस्ट्रॉम हायड्रोजनांच्या बाजूला असलेल्या एका काल्पनिक बिंदूवर तो ठेवलेला असतो. हायड्रोजनवर ०.५२. बरोबर हिशेब: १.०४ × (०.५८६ − ०.१५) = ०.४५३, म्हणजे २.१८ डिबाय. ऋण प्रभार ऑक्सिजनवर धरला तर २.९३ येतं. फाइलमध्ये अणूंची नावं वाचून प्रभार चिकटवणारी स्क्रिप्ट हीच चूक करते.

मोजलेल्या मोमेंटवरून बंधाचं आयनिक स्वरूप काढतात तेही याच गुणकाने. हायड्रोजन क्लोराइडचं बंधांतर १.२७५ अँगस्ट्रॉम. पूर्ण एक इलेक्ट्रॉन सरकला असता तर मोमेंट ६.१२ डिबाय झाला असता. मोजलेला सुमारे १.१, म्हणजे साधारण १८ टक्के. पण चिन्ह विद्युतऋणतेवरून (अणू इलेक्ट्रॉन आपल्याकडे किती ओढतो त्यावरून) अंदाजाने लावू नका. कार्बन मोनॉक्साइडमध्ये ऑक्सिजन अधिक विद्युतऋण असूनही ऋण टोक कार्बनचं आहे. मोमेंट जेमतेम ०.११ डिबाय, तरी उलटा.

किती लांबून वापरायचा

मोमेंट काढून विभव किंवा क्षेत्र शोधायचं असेल तर अंतर मांडणीच्या आकारापेक्षा बरंच मोठं हवं. आपल्या चार प्रभारांची मांडणी सुमारे ६ सेंटिमीटर रुंद आहे. मोमेंटच्या दिशेत, ड पासून १ मीटरवर डायपोलच्या सूत्राने विभव ३.५४ व्होल्ट येतो, चारही प्रभारांचा वेगवेगळा हिशेब केला तर ३.५८. एक टक्का फरक, चालेल. १० सेंटिमीटरवर सूत्र ३५४ व्होल्ट सांगतं आणि खरं उत्तर ४१४ आहे. इतक्या जवळ मोमेंट वापरायचा नाही, प्रत्येक प्रभाराचा विभव थेट मिळवायचा.

एकसमान क्षेत्रातल्या आघूर्णासाठी (टॉर्क, म्हणजे मांडणीला फिरवणारा परिणाम) मात्र, एकूण प्रभार शून्य असेल तर, मोमेंट कितीही जवळून चालतो. क्ष-दिशेत मीटरला १०,००० व्होल्टचं क्षेत्र लावलं तर आघूर्णाचं परिमाण २.३ × १०^−१० × १०^४ = २.३ × १०^−६ न्यूटन-मीटर, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने.

प्रभार शेकड्याने असतील तेव्हा

स्प्रेडशीटमध्ये प्रभारांचा एक रकाना, निर्देशकांचे तीन. 'समप्रॉडक्ट' हे फंक्शन एका झटक्यात घटक देतं. वरच्या एका कप्प्यात प्रभारांची बेरीज कायम दिसत ठेवा. दशांश तोडल्यामुळे ती ०.००१ वगैरे उरली असेल तर दुर्लक्ष करू नका: निर्देशक आरंभबिंदूपासून १०० अँगस्ट्रॉमवर असतील तर तेवढ्यानेच जवळपास अर्धा डिबाय चुकतो. आरंभबिंदू मांडणीच्या मध्यावर आणला की ही चूक बरीच आवरते.

कोनासाठी 'एटॅन२' वापरा, तो चरण सांभाळतो. पण एक्सेल आणि लिब्रेऑफिसमध्ये आधी क्ष-घटक द्यायचा, तर पायथनमध्ये आधी य-घटक. उलटं दिलं तर कोन ९० मधून वजा होऊन येतो.

रेणूंच्या सिम्युलेशनमध्ये आणखी एक गोष्ट घडते. तिथे रेणू एका काल्पनिक पेटीत असतात, आणि एका भिंतीतून बाहेर गेलेला अणू समोरच्या भिंतीतून आत घेतला जातो. पेटीच्या कडेवरचा रेणू पुन्हा आत गुंडाळला की त्याचा एक हायड्रोजन समोरच्या भिंतीपाशी जाऊन बसतो. पेटी ३० अँगस्ट्रॉमची असेल तर ०.४१७ × ३० × ४.८०३, म्हणजे एकट्या पाण्याच्या रेणूचा मोमेंट ६० डिबायच्या आसपास. बेरीज शून्य असते, तक्ता बरोबर असतो, आरंभबिंदू हलवूनही उत्तर तेच राहतं, त्यामुळे वरचा एकही पडताळा हे पकडत नाही. मोमेंट काढण्याआधी प्रत्येक रेणू अखंड करून घ्या: रेणूतल्या एका अणूपासून बाकीच्यांचं अंतर कुठल्याही अक्षावर पेटीच्या निम्म्यापेक्षा जास्त असेल तर त्या अणूच्या निर्देशकात पेटीची लांबी मिळवा किंवा वजा करा.